रास ईसाचे तेलजहाज : धोका, ताबा आणि वाटाघाटी

तांबड्या समुद्राच्या येमेनी किनाऱ्यावर, होदेदा बंदराच्या उत्तरेस, रास ईसा नावाचे एक भूशिर आहे. या भूशिरासमोर काही मैलांवर १९८८ पासून एक प्रचंड जहाज नांगरून ठेवलेले होते. ते कोठे जात नव्हते व कोठून येत नव्हते. समुद्रावर तरंगणारे तेलाचे कोठार एवढेच त्याचे कार्य होते. २०१५ मध्ये येमेनमधील यादवी युद्धाचा वणवा या किनाऱ्यापर्यंत पोहोचला, तेव्हा त्याच्या टाक्यांत सुमारे ११ लक्ष ४० हजार पिंपे कच्चे तेल होते. पुढील आठ वर्षे ते तेथेच राहिले. जहाज फुटेल किंवा पेट घेईल हे येमेनमधील उभय पक्षांना मान्य होते, शेजारी राष्ट्रांना मान्य होते आणि संयुक्त राष्ट्रसंघालाही मान्य होते. तरीसुद्धा मदतीची पहिली विनंती आणि तेलाचे पहिले पिंप बाहेर निघणे यांमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला. धोक्याविषयी ज्यांचे दुमत नव्हते त्यांना पाच वर्षे कशावर वाद घालावा लागला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जहाजाचे पूर्ववृत्त थोडक्यात सांगितले पाहिजे. ते जपानमध्ये १९७६ साली बांधले गेले आणि त्या वेळी त्याचे नाव ‘एसो जपान’ असे होते. लांबी ३६२ मीटर, वाहण्याची शक्ती चार लक्ष टनांहून अधिक. सुवेझ कालवा १९६७ ते १९७५ पर्यंत बंद होता आणि आफ्रिकेला वळसा घालून तेल न्यावयाचे तर जहाज जितके मोठे तितके परवडते, या हिशेबाच्या युगातील हे अपत्य होय. कालवा पुन्हा खुला झाला, तेलाचे भाव चढले आणि अशा महाकाय जहाजांना काम उरले नाही. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, अमेरिकेतील हंट ऑइल कंपनीला उत्तर येमेनच्या मारिब प्रांतात तेल सापडले. तेथून चारशे किलोमीटरांहून अधिक लांबीची नळवाट डोंगर ओलांडून रास ईसापर्यंत आणण्यात आली. किनाऱ्यावर टाक्या व धक्के बांधण्यापेक्षा एखादे निरुपयोगी झालेले जहाज विकत घेऊन तेच कोठार म्हणून नांगरणे स्वस्तात व लवकर होणारे होते. ‘एसो जपान’मध्ये त्यानुसार फेरफार करण्यात आले आणि मारिबमधील एका ठिकाणावरून त्याला ‘साफर’ हे नाव देण्यात आले. त्याच्या ३४ टाक्यांत सुमारे ३० लक्ष पिंपे मावत. रोमन लिपीत हे नाव जसे लिहिले जाते त्यावरून इंग्रजी वाचकास ‘अधिक सुरक्षित’ असा अर्थ प्रथम सुचतो. वर्तमानपत्रांनी या योगायोगाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. आपण तो येथेच सोडून देऊ.

हंट कंपनीची सवलत २००५ मध्ये संपली. येमेनच्या संसदेने मुदतवाढ नाकारली व तेलक्षेत्र, नळवाट आणि जहाज ही सारी मालमत्ता साफर नावाच्याच सरकारी कंपनीकडे आली. जहाज तोवर म्हातारे झाले होते. त्याचे कवच एकेरी होते, म्हणजे तेल आणि समुद्र यांच्यामध्ये पोलादाचा एकच पडदा होता. जमिनीवर टाक्या बांधून त्याला निवृत्त करण्याचे काम हाती घेण्यात आले होते, परंतु ते अपुरे असतानाच युद्ध आले. सप्टेंबर २०१४ मध्ये हौथींनी, म्हणजे स्वतःला अन्सार अल्लाह म्हणविणाऱ्या पक्षाने, राजधानी साना घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदी अरबस्तानच्या नेतृत्वाखालील राष्ट्रांनी हवाई युद्ध सुरू केले आणि तेलाची निर्यात थांबली. होदेदा, सालिफ व रास ईसा ही तिन्ही बंदरे हौथींच्या हाती होती. जगाने मान्य केलेले सरकार मात्र एडनमध्ये आणि बहुतेक वेळ रियाधमध्ये होते.

तेलाचे जहाज नुसते उभे राहिले तर बिघडते काय, असे सामान्य वाचकास वाटणे साहजिक आहे. टाकीतील तेलाच्या पृष्ठभागावर ज्वालाग्राही वाफ साचते. मारिबचे तेल हलक्या जातीचे असल्यामुळे ती अधिकच साचते. या वाफेत प्राणवायू मिसळला की एक ठिणगी पुरते. म्हणून अशा जहाजांत बाष्पकांच्या, म्हणजे बॉयलरांच्या, धुराड्यातून निघणारा निष्क्रिय वायू धुऊन व थंड करून टाक्यांत सोडतात आणि प्राणवायूचे प्रमाण शेकडा आठच्या खाली ठेवतात. बाष्पक चालू तर वायू चालू, पंप चालू, वीज चालू. बाष्पकाला जळण लागते आणि जळण विकत आणण्यास पैसा लागतो. निर्यात थांबल्यावर तो पैसा राहिला नाही. पूर्वीच्या कर्मचाऱ्यांपैकी मोजकीच माणसे जहाजावर उरली आणि २०१७ मध्ये निष्क्रिय वायूची योजना बंद पडली. ज्याच्या पोटात अठरा कोटी लिटर तेल होते ते जहाज जळणावाचून विझले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

या साऱ्यात खरोखर किती पणाला लागले होते हे समजण्यासाठी अलास्कातील १९८९ चा ‘एक्झॉन व्हाल्डीझ’चा अपघात आठवावा. त्या वेळी सांडलेल्या तेलाच्या सुमारे चौपट तेल ‘साफर’मध्ये होते. ते सांडले असते तर येमेनच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळ्यांचा व्यवसाय बुडालाच असता. त्याहून भयंकर म्हणजे होदेदा व सालिफ बंदरे बंद पडली असती, आणि देशातील बहुसंख्य लोकांचे अन्नधान्य ज्या किनाऱ्याने येते तो किनारा उपासमारीच्या ऐन काळात मिटला असता. समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने व पोवळ्यांच्या रांगा यांचा विचार त्यापुढचा. सफाईचा खर्च संयुक्त राष्ट्रसंघाने २० अब्ज डॉलर धरला होता.

२०१८ च्या प्रारंभी येमेन सरकार व हौथी या दोघांनीही संयुक्त राष्ट्रसंघाकडे मदत मागितली. येथून मुत्सद्देगिरीचा भाग सुरू होतो आणि येथेच गुंतागुंतही सुरू होते. जहाज येमेनच्या प्रादेशिक समुद्रात व सरकारी मालकीचे. म्हणून त्यावर पाऊल ठेवण्यास परवानगी देण्याचा कायदेशीर अधिकार मान्यताप्राप्त सरकारचा. परंतु प्रत्यक्षात तेथवर बोट जाऊ द्यावयाची की नाही हे ठरविणार हौथी. अधिकार एकाचा व ताबा दुसऱ्याचा अशी ही स्थिती होती. तिसऱ्या कोणी बळाने शिरून धोका दूर करावा अशी तरतूद सागरी कायद्यात शोधून सापडत नाही. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅनियन’ जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढून फुटले. त्यानंतर १९६९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने किनारी राष्ट्रांना तेलगळती रोखण्यासाठी परक्या जहाजावर कारवाई करण्याचा हक्क दिला. पण तो हक्क खुल्या समुद्रापुरता आहे, दुसऱ्या राष्ट्राच्या पाण्यात तो पोहोचत नाही. सौदी अरबस्तान किंवा एरिट्रिया यांच्या किनाऱ्यांवर तेल येण्याची भीती कितीही खरी असली, तरी त्यांना मागणी करण्यापलीकडे काही करता येण्याजोगे नव्हते.

मग तंटा कशाचा? वरकरणी तो पाहणीचा होता. संघाने प्रकल्पसेवा कार्यालयामार्फत तज्ज्ञांचे एक पथक पाठवावयाचे, त्याने जहाज तपासावयाचे, जमेल तेवढी डागडुजी करावयाची आणि पुढील उपाय सुचवावयाचा, अशी योजना होती. २०१९ च्या उन्हाळ्यात पथक जिबूतीत येऊन थांबले. निघण्याच्या आदल्या रात्री हौथींनी परवानगी मागे घेतली. वरवर पाहता हा निव्वळ हेकेखोरपणा वाटतो, आणि सुरक्षा समितीतील अनेक भाषणांचा सूर तसाच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर थांबणे बरे नव्हे. हौथींची आपली बाजू होती, व तिचा बराचसा भाग आपणास संघाच्या अधिकाऱ्यांच्या निवेदनांतूनच कळतो ही मर्यादा लक्षात ठेवूनही ती समजून घेता येते. तेलाची किंमत त्या काळी सुमारे ८ कोटी डॉलर धरली जात असे. ते विकून येणारी रक्कम आपणास मिळेल अशी हमी हौथींना पाहिजे होती. सरकार म्हणे, ती रक्कम नोकरांचे पगार व आरोग्यसेवा यांवर खर्च व्हावी. म्हणजे पाहणी ही विक्रीची पहिली पायरी आणि विक्री ही मालकीची कबुली, असे दोन्ही पक्षांनी मनोमन धरले होते.

याला दुसरेही कारण होते. २०१८ मध्ये होदेदा जिंकण्यासाठी सौदी-अमिराती पक्षाच्या फौजा शहराच्या वेशीपर्यंत आल्या होत्या. डिसेंबर २०१८ च्या स्टॉकहोम कराराने ती लढाई थांबली आणि या करारात होदेदा, सालिफ व रास ईसा ही तिन्ही बंदरे नावानिशी आली. ज्या किनाऱ्यावर हल्ला झाला तर शेजाऱ्याच्या दारात तेल वाहून जाईल, त्या किनाऱ्यावर हल्ला करताना शेजारी दोनदा विचार करतो. ‘साफर’ हे हौथींनी मुद्दाम तयार केलेले शस्त्र नव्हते. परंतु ते आपोआप हाती आल्यावर सहज टाकून देण्यासारखेही नव्हते. जहाज जितके कुजे तितके त्याचे राजकीय मोल चढे. सुरक्षिततेच्या वाटाघाटींतील ही मूळ विसंगती मान्य केल्याखेरीज पुढील घटनांचा उलगडा होत नाही असे माझे मत आहे.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो, कारण या पाण्यात असा तंटा प्रथमच झाला असे नाही. रास ईसाच्या उत्तरेस, सालिफसमोर, कामरान नावाचे बेट आहे. मक्केच्या यात्रेबरोबर पटकीची साथ पसरते या भीतीने ओस्मानी सरकारने तेथे १८८२ पासून यात्रेकरूंना अडकवून ठेवण्याचे स्थानक चालविले. मुंबईहून निघणाऱ्या यात्रेकरूंना जिद्द्यास पोहोचण्यापूर्वी तेथे उतरावे लागे. पटकी भयंकर आहे याविषयी कोणाचे दुमत नव्हते. १८९३ च्या यात्रेत तिने असंख्य माणसे नेली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला त्यासाठी परिषद भरली. वाद होता तो तपासणाऱ्याच्या अधिकाराचा, तेथील गैरसोयींचा व यात्रेकरूंकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या तक्रारी याच गोष्टींभोवती फिरतात. १९१५ मध्ये ब्रिटिशांनी बेटच ताब्यात घेतले, तेव्हा तक्रार करणाराच तपासणारा झाला.

इंधनाच्या कोठारासाठी सत्ता हलल्याचे उदाहरणही याच देशात आहे व त्याचा धागा थेट मुंबईशी जुळतो. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुवेझकडे निघाली आणि वाटेत एडनला तिला कोळसा घ्यावा लागला. कोळशाचे ठाणे आपल्या हुकमतीत असावे ही निकड तेव्हापासून मुंबई सरकारला भासू लागली. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्स याने एडन जिंकले ते मुंबईच्या फौजेच्या बळावर, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. मराठी वाचकास एडन आठवते ते वासुदेव बळवंत फडके यांच्या कारावासामुळे व १८८३ मधील त्यांच्या मृत्यूमुळे. त्या तुरुंगाच्या पायथ्याशी असलेल्या बंदराचे सारे महत्त्व मुख्यत्वे कोळशाच्या राशींवर उभे होते, हे सहसा ध्यानात येत नाही.

मूळ विषयाकडे वळू. २७ मे २०२० रोजी ‘साफर’च्या यंत्रशाळेत समुद्राचे पाणी शिरले. समुद्राचे पाणी आत घेणारी एक नळी कुजून फुटली होती. साफर कंपनीच्या पाणबुड्यांनी पाच दिवस खटपट करून ती भगदाडे तात्पुरती बुजविली. यंत्रशाळा भरली असती तर जहाज पुढेमागे तळाशी गेले असते. १५ जुलै २०२० रोजी सुरक्षा समितीने केवळ या एका जहाजासाठी बैठक घेतली. संघाचे मदतकार्यप्रमुख मार्क लोकॉक व पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रमुख इंगर अँडरसन यांनी तेथे परिस्थिती मांडली. नोव्हेंबर २०२० मध्ये हौथींनी पाहणीस लेखी संमती दिली आणि वर्तमानपत्रांनी प्रश्न सुटल्याचे जाहीर केले. परंतु संमतीपत्र म्हणजे परवाना नव्हे. पथकाच्या सुरक्षिततेचे हमीपत्र पाहिजे, जहाजाचा विमा पाहिजे, आणि मुख्य म्हणजे पथकाने करावयाच्या कामाची मर्यादा ठरली पाहिजे. संघाच्या मते आधी तपासणी व त्याबरोबर हलकी डागडुजी. हौथींच्या मते तेवढ्याने काय होणार, दुरुस्ती करणार असाल तर पुरती करा. तपासल्यावाचून दुरुस्तीचा भार कोणी उचलावयास तयार नव्हते, कारण वायूने भरलेल्या टाकीजवळ काम करावयाचे म्हणजे पथकाचे प्राण पणास लावणे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये हौथींनी आपल्या संमतीचा फेरविचार करीत असल्याचे कळविले आणि जूनच्या आरंभी वाटाघाटी कुंठित झाल्याचे जाहीर केले.

यापुढे जे घडले ते या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक होय. प्रश्नाचे उत्तर सापडत नाही असे दिसल्यावर प्रश्नच बदलण्यात आला. जहाज तपासावयाचे किंवा दुरुस्त करावयाचे हा विषयच सोडून देण्यात आला आणि त्याऐवजी दुसरे जहाज आणून तेल त्यात भरावे व जुने जहाज मोडीत काढावे, अशी योजना पुढे आली. या मांडणीत कोणालाही काही गमवावे लागत नव्हते. हौथींना एका कोठाराच्या जागी दुसरे, अधिक चांगले कोठार मिळत होते. सरकारची मालकी कागदावर अबाधित राहत होती. तेल विकले जाणार नव्हते, म्हणून पैशाची वाटणी करण्याचा प्रसंगच नव्हता. ५ मार्च २०२२ रोजी संघ व हौथी यांच्यात सामंजस्याचा करार झाला. संघाचे येमेनमधील समन्वयक डेव्हिड ग्रेसली यांनी तो घडवून आणला. पुढच्याच महिन्यात, २ एप्रिल रोजी, देशभर युद्धविराम झाला. तो झाला नसता तर हा करार कागदावरच राहिला असता असे समजण्यास जागा आहे.

पैसा उभा करण्यास मात्र वर्ष गेले. सर्व योजनेचा खर्च १४ कोटी ४० लक्ष डॉलर, त्यांपैकी तातडीच्या भागासाठी ८ कोटी. ११ मे २०२२ रोजी हेगमध्ये भरलेल्या परिषदेत ३ कोटी ३० लक्षांची आश्वासने मिळाली. आपत्ती आल्यावर २० अब्ज खर्चावयास लागतील हे ऐकून घेणारी राष्ट्रे ती टाळण्यासाठी काही कोटी देताना हात आखडता घेत होती. अखेर संघाने सामान्य जनतेकडे वर्गणी मागितली आणि तीतून सुमारे तीन लक्ष डॉलर आले. रक्कम क्षुल्लक होती. तथापि सुरक्षा समितीपुढे आलेल्या विषयासाठी घरोघरच्या माणसांनी पैसे पाठवावेत, ही घटना नोंद करून ठेवण्याजोगी आहे.

मार्च २०२३ मध्ये संघाच्या विकास कार्यक्रमाने बेल्जियमच्या युरोनाव्ह कंपनीचे ‘नॉटिका’ हे २००८ साली बांधलेले जहाज साडेपाच कोटी डॉलरांस घेतले. तारण करणाऱ्या डच कंपनीची ‘एन्डेव्हर’ ही बोट ३० मे रोजी रास ईसास पोहोचली. तिच्यावरील माणसांनी प्रथम टाक्यांत निष्क्रिय वायू भरला, म्हणजे जे काम २०१७ मध्ये बंद पडले होते तेच पुन्हा सुरू केले. ‘नॉटिका’ जुलैच्या मध्यास आली, तिचे नाव ‘येमेन’ असे ठेवण्यात आले, आणि २५ जुलै रोजी उपसा सुरू झाला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी तो संपला. ज्यासाठी वाटाघाटींना पाच वर्षे लागली ते प्रत्यक्ष काम अठरा दिवसांचे होते.

ही तडजोड योग्य होती काय? ज्या पक्षाने पथकाला अडवून ठेवले त्याच्याच ताब्यातील बंदरात जगाच्या पैशाने नवे जहाज उभे राहिले, ही टीका खोटी नाही. अडवणुकीचे बक्षीस दिले गेले असेच तिचे वर्णन करावे लागेल. परंतु मालकीचा निकाल लागल्यानंतरच तेल हलवावयाचे असा आग्रह धरला असता, तर यंत्रशाळेतील ती बुजविलेली भगदाडे तोवर टिकली असती असे मला वाटत नाही. मालकीचा वाद बाजूस ठेवण्याची किंमत मात्र चुकती करावी लागली. तेल कोणाचे व त्याचे काय करावयाचे हा प्रश्न पुढील वाटाघाटींवर सोपविण्यात आला.

त्या वाटाघाटी व्हावयाच्या आतच, नोव्हेंबर २०२३ पासून, हौथींनी तांबड्या समुद्रातील व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि योजनेचा दुसरा टप्पा थांबला. तळाशी चिकटलेला गाळ पोटात ठेवून ‘साफर’ मोडीत निघण्याची वाट पाहत राहिले व त्याच्याजवळच ‘येमेन’ भरलेले उभे राहिले. २० जुलै २०२४ रोजी इस्रायलच्या विमानांनी होदेदा बंदरातील तेलटाक्यांवर बाँब टाकले आणि त्यांची आग कित्येक दिवस जळत होती. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने रास ईसाच्याच इंधनबंदरावर हल्ला केला. हौथींच्या सांगण्याप्रमाणे त्यात सत्तरांहून अधिक माणसे मारली गेली. ‘साफर’च्या पाच वर्षांच्या वाटाघाटींत या बंदराच्या सुरक्षिततेविषयी पुष्कळ कागद तयार झाले होते, जमिनीवरील टाक्यांचा विषय त्यांच्या कक्षेबाहेर राहिला होता.